घर उत्तरेला घ्यावे की दक्षिणेला?
नाशिकच्या उपनगरांतील घराचा खर्च आणि घरपट्टी यांचा तुलनात्मक हिशोब



जुन्या नाशकात आज बहुतेक घरांत एकच प्रश्न आहे. आजोबांनी घेतलेल्या दोन खोल्या, त्यात तीन भावांचे संसार, खाली दुकान, वर शिलाईची मशीन. जागा वाढत नाही, माणसे वाढतात. भद्रकाली, दूध बाजार, काठडा, बागवानपुरा या भागांतील तरुण मंडळी आता उपनगरांत घर पाहू लागली आहेत.

मागच्या महिन्यात असेच दोघे सख्खे भाऊ दुकानावर आले. थोरला कापड विकतो, धाकटा शेरवानी आणि लग्नाचे कपडे शिवतो. थोरल्याला नदीपलीकडे म्हसरूळकडे फ्लॅट पसंत होता, धाकट्याला वडाळा-पाथर्डी रस्त्याला. धाकटा म्हणाला, "चाचा, तुम्हीच सांगा, कोणता सौदा स्वस्त?" मी विचारले, "हिशोब काय केलात?" दोघांनी चौरस फुटाचा भाव सांगितला. त्यापुढे हिशोब नव्हता.

कापडाच्या धंद्यात आपण ताग्याचा भाव कधी एकटा पाहत नाही. गाडीभाडे, हमाली, जीएसटी, उधारीचे दिवस, सगळे धरून मग पडता काढतो. घर हा आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा, आणि त्यातच आपण पडता काढीत नाही. म्हणून हा लेख.

शहराची रचना आधी समजून घ्या

नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिक आणि नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका, सातपूर आणि आसपासची खेडी एकत्र करून ती झाली. आज कारभारासाठी सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक (सिडको), सातपूर आणि नाशिकरोड.

या लेखापुरते उत्तर म्हणजे गोदावरीपलीकडचा पंचवटी विभाग: हिरावाडी, मेरी, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, नांदूर, पेठ रोड, दिंडोरी रोड. दक्षिण म्हणजे वडाळा, इंदिरानगर, पाथर्डी, उपनगर, विहितगाव, नाशिकरोड आणि त्यांच्या आसपासच्या वसाहती.

दोन्ही बाजू एकाच महापालिकेच्या हद्दीत आहेत. म्हणजे घरपट्टीचा कायदा एक, कर बसवण्याची रीत एक. "उत्तरेला घरपट्टी कमी, दक्षिणेला जास्त" असे जे बाजारात बोलले जाते, त्याला कायद्याचा आधार नाही. फरक पडतो, पण तो दिशेमुळे नाही. तो कशामुळे पडतो ते पुढे पाहू.

दोन ठिकाणी मात्र सावध असावे. दक्षिणेला देवळाली कॅम्पचा कारभार छावणी मंडळाच्या वेगळ्या कायद्याने चालत आला आहे. तेथील कित्येक बंगल्यांची जमीन 'ओल्ड ग्रँट' प्रकारची, म्हणजे जमिनीची मालकी सरकारची आणि आपल्याकडे फक्त वरचे बांधकाम. अशा जागेवर कर्ज मिळणे आणि पुढे ती विकणे, दोन्ही अवघड जाते. दुसरे, महापालिकेच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत घर घेतले तर मुद्रांक शुल्क आणि घरपट्टी कमी बसते, परंतु पाणी, गटार आणि रस्ता यांची खात्री आपली आपण करावी लागते.

भावात फरक का पडतो?

दक्षिणेचा भाव रेल्वे स्टेशन, पुणे रस्ता, मुंबई-आग्रा महामार्ग आणि अंबडची औद्योगिक वसाहत यांनी वर नेला. नोकरदार माणसाला स्टेशन आणि कारखाना जवळ हवा. नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटीचा छापखाना असल्याने तेथे पगारदार वस्ती जुनी आहे. पगारदार जेथे राहतो तेथे भाडेकरू मिळतो, आणि जेथे भाडेकरू मिळतो तेथे भाव टिकतो.

उत्तरेचा भाव बाजार समिती, शेतमाल आणि मोकळी जमीन यांवर चालतो. दिंडोरी रोडची बाजार समिती, आडगावचा ट्रक टर्मिनस, पेठ आणि दिंडोरीकडून गुजरातला जाणारे रस्ते हे सारे त्याच बाजूला. आपल्या कापडवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सुरतेचा माल त्या वाटेने येतो, मालेगावचा माल आग्रा रोडने आडगावकडून येतो. ज्याला घराबरोबर गोडाऊन हवे त्याला उत्तर सोयीची. ज्याचे गिऱ्हाईक नोकरदार आहे, जसे शिंपी, फर्निचरवाला, फॅब्रिकेशनवाला, त्याला दक्षिण सोयीची.

जुन्या व्यापाऱ्यांना आठवत असेल, जकात होती तेव्हा आपण गोडाऊन नाक्याबाहेर पाहत होतो. नाशकात २०१३ साली जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. हद्दीबाहेर माल ठेवण्याचा तो जुना फायदा आता उरला नाही. तरीही काही मंडळी त्याच हिशोबाने लांबची जागा घेतात, हे चुकीचे आहे. शिवाय जकात गेल्यानंतर महापालिकेने स्वतः बसवावयाच्या करांत घरपट्टीचे महत्त्व वाढले. पुढेही ते वाढेल असेच धरून चालावे.

खरेदीच्या दिवशीचा खर्च

समजा फ्लॅट ३० लाखांचा आहे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक अधिभार मिळून ६ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. निवासी घर बाईमाणसाच्या नावे घेतले तर १ टक्का सवलत आहे. ती २०२१ साली सुरू झाली. म्हणजे १ लाख ५० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले तर जीएसटी लागतो. १ एप्रिल २०१९ पासून तो ५ टक्के आहे. घराची किंमत ४५ लाखांपर्यंत आणि नाशिकसारख्या शहरात चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत पहिल्यांदा विकला जाणारा फ्लॅट किंवा जुना फ्लॅट घेतला तर जीएसटी नाही. म्हणून "नवीन आणि जुने एकाच भावात" असे कोणी म्हणाले तरी ते एका भावात नसते.

आणखी एक गोष्ट. मुद्रांक शुल्क करारातील रक्कम किंवा सरकारी रेडी रेकनरची रक्कम, यांत जी जास्त असेल तिच्यावर लागते. १ एप्रिल २०२५ पासून नाशिक महापालिका हद्दीतील रेकनर सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढला. मात्र रेकनर भागाभागाचा, रस्त्याचा आणि गटाचा वेगळा असतो. त्यामुळे सौदा ठरवण्याआधी दोन्ही जागांचा त्या वर्षाचा रेकनर काढून समोर ठेवावा. बाजारभावापेक्षा रेकनर जास्त असलेली जागा दिसायला स्वस्त आणि नोंदणीला महाग पडते.

बँकेचे कर्ज न घेता बिल्डरकडे टप्प्याटप्प्याने रक्कम भरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी रेरा कायद्याचे कलम १३ लक्षात ठेवावे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. डायरीत लिहून दिलेला हिशोब म्हणजे पावती नव्हे. रक्कम चेकने द्यावी आणि करार नोंदवून घ्यावा.

घरपट्टी कशी ठरते?

महापालिका असे धरते की ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल. हे झाले वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य. या मूल्यावर सर्वसाधारण कर, पाणी व मलप्रवाहाशी संबंधित लाभकर, शिक्षण कर वगैरे टक्केवारीने लागतात. सगळ्यांची बेरीज म्हणजे आपले बिल.

समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. यातील दर बिलाचे नव्हेत, फक्त हिशोबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. फ्लॅट ६०० चौरस फूट. भाडेमूल्य दरमहा चौरस फुटाला १ रुपया धरले तर वर्षाचे ७,२०० रुपये. १० टक्के वजा, राहिले ६,४८०. सर्व कर मिळून ४० टक्के धरले तर बिल २,५९२ रुपये. हाच दर २ रुपये धरला तर बिल ५,१८४ रुपये. फ्लॅट तोच, आकार तोच. भाडेमूल्याचा दर दुप्पट झाला की बिल दुप्पट झाले.

नाशकात हा दर बदलण्याचे मोठे कारण म्हणजे वर्ष. तुकाराम मुंढे आयुक्त असताना १ एप्रिल २०१८ पासून नव्याने कर आकारणी होणाऱ्या मिळकतींचे भाडेमूल्य कित्येक पटींनी वाढवले गेले आणि मोकळ्या भूखंडांवरही करवाढ झाली. त्यावर मोठा विरोध झाला, महासभेत वाद झाले, शेतकरी रस्त्यावर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली, परंतु जुन्या आणि नव्या मिळकतींचे दोन वेगळे हिशोब शहरात होऊन बसले.

याचा अर्थ असा की म्हसरूळचा २०१२ चा फ्लॅट आणि म्हसरूळचाच २०२० चा फ्लॅट यांच्या घरपट्टीतला फरक, म्हसरूळ आणि पाथर्डी यांतील फरकापेक्षा मोठा असू शकतो. म्हणून "कोणत्या बाजूला?" हा प्रश्न नंतर. आधी विचारा, "आकारणी कोणत्या सालची?" आणि शेजाऱ्याचे नाही, त्याच घराचे शेवटचे बिल मागून घ्या. इमारत नवी असेल आणि बिल अजून निघाले नसेल तर त्याच रस्त्यावरील त्याच सालच्या इमारतीचे बिल पाहा.

कारागिरांनी हा भाग दोनदा वाचावा

दिशेपेक्षा मोठा दुसरा फरक म्हणजे वापर. राहत्या घराचा दर वेगळा, दुकान किंवा कारखान्याचा वेगळा आणि चढा. शिक्षण करसुद्धा बिगरनिवासी वापराला जास्त, आणि रोजगार हमी कर तर फक्त बिगरनिवासी जागेलाच लागतो.

समजा त्याच ६०० फुटांच्या घरात पुढची १५० फुटांची खोली शिलाईला दिली. राहते ४५० फूट २ रुपयांनी, वर्षाचे भाडेमूल्य १०,८०० रुपये. बिगरनिवासी दर तिप्पट, म्हणजे ६ रुपये धरला, तर त्या १५० फुटांचेही भाडेमूल्य १०,८०० रुपये. जागा चौथाई, भाडेमूल्य निम्मे. वापर लपवू नये. तपासणीत उघड झाला तर मागील काळाची आकारणी अंगावर येते. मात्र जेवढी जागा धंद्याला आहे तेवढीच त्यात दाखवली जावी, सगळे घर दुकान म्हणून नोंदले जाऊ नये, याकडे स्वतः लक्ष द्यावे. मोजणीला माणूस येतो तेव्हा घरातील कर्त्या माणसाने हजर राहावे.

घर भाड्याने दिले तर मिळणाऱ्या भाड्यावरून आकारणी वाढू शकते, हेही जमेस धरावे.

रोजच्या वाटेचा हिशोब

आपण घरपट्टीच्या दोन-अडीच हजारांवर तासभर बोलतो आणि रोजच्या पेट्रोलवर एक मिनिट बोलत नाही. समजा एक घर दुसऱ्यापेक्षा जाऊन-येऊन १० किलोमीटर लांब आहे. महिन्याचे २६ दिवस, वर्षाचे ३,१२० किलोमीटर. गाडी लिटरला ५० किलोमीटर देते आणि पेट्रोल १०० रुपये धरले, तर वर्षाला ६,२४० रुपये. वरच्या उदाहरणातील दोन बिलांच्या फरकाच्या हे दुपटीहून जास्त झाले. त्यात मुलांची शाळा आणि मालाची रिक्षा धरली नाही. जुन्या नाशकापासून नाशिकरोड स्टेशन नऊ-दहा किलोमीटर आहे आणि वाटेत द्वारका चौक आहे. तेथे जाणारा वेळही आपल्याच दुकानाचा असतो.

घरासोबत विकत घेतलेली थकबाकी

एक गोष्ट स्वतःच्या अनुभवाची सांगतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी दक्षिणेकडच्या एका उपनगरात छोटी जागा घेतली. विकणारा ओळखीचा होता. सात-बारा पाहिला, खरेदीखत केले, घरपट्टीचे बिल मागितले नाही. संकोच वाटला. सहा महिन्यांनी नोटीस आली. आधीच्या मालकाने कित्येक वर्षे पट्टी भरली नव्हती. मूळ रकमेपेक्षा दंडाचा आकडा डोळ्यांत भरणारा होता. तो गृहस्थ तोवर गाव सोडून गेला होता. रक्कम मीच भरली. त्या वर्षी ईदचा माल उधारीवर उचलावा लागला.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे मालमत्ता कर हा त्या जागेवरचा पहिला बोजा असतो. मालक बदलला तरी बोजा जागेसोबत येतो. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. १० हजार थकले तर महिन्याला २०० आणि वर्षाला २,४०० रुपये. म्हणून खरेदीपूर्वी 'थकबाकी नाही' असा दाखला घ्यावा, आणि खरेदीनंतर तीन महिन्यांच्या आत नाव बदलण्याची नोटीस द्यावी. विकणाऱ्यानेही हे पाहावे, कारण नोटीस दिली जात नाही तोवर करासाठी त्यालाही धरता येते.

घरपट्टीवर नाव लागले म्हणजे मालकी झाली, हा आपल्याकडील फार मोठा गैरसमज आहे. घरपट्टी ही कर भरल्याची नोंद आहे. मालकी खरेदीखत, सात-बारा किंवा मिळकत पत्रिका यांवरून पाहतात. स्टॅम्प पेपरवर गुंठा घेऊन वर खोली बांधलेल्यांनी हे नीट समजून घ्यावे. विनापरवाना बांधकामाला घरपट्टीच्या दुपटीइतकी शास्ती लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यात आपली जागा नियमित होते का, ते वकिलाला दाखवावे.

दोन्ही बाजूंचे खास प्रश्न

उत्तरेला विचारावे: जमीन बिनशेती झाली आहे का? २०१७ साली मंजूर झालेल्या विकास आराखड्यात तिच्यावर रस्ता, बगीचा किंवा इतर आरक्षण आहे का? तपोवन आणि आसपास कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी जागा लागते, तेथे हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. स्वस्त भूखंड पुष्कळदा आरक्षणामुळेच स्वस्त असतो.

दक्षिणेला विचारावे: सिडकोची मिळकत असेल तर जमीन भाडेपट्ट्याची आहे का, हस्तांतरासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क किती? पाणी कोणत्या योजनेचे? नाशिकरोडचे पाणी चेहेडी बंधाऱ्यातून दारणेचे येत आले आहे, तर शहराच्या मोठ्या भागाचा आधार गंगापूर धरण आहे. लष्करी हद्दीजवळ असेल तर उंचीची आणि बांधकामाची बंधने काय आहेत?

दोन्हीकडे विचारावे: जागा पूररेषेत येते का? १९ सप्टेंबर २००८ चा पूर नाशिककर विसरलेले नाहीत. गोदावरी असो, नासर्डी असो की वालदेवी, निळ्या आणि लाल रेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

बिल जास्त वाटले तर

आकारणी प्रथमच होते किंवा वाढते तेव्हा नोटीस येते. ती कपाटात ठेवू नये. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी, सुनावणीला मोजमाप आणि कागद घेऊन जावे. निर्णय मान्य नसेल तर न्यायालयात अपील करता येते. त्याची मुदत पंधरा दिवसांची आहे आणि मागणीची रक्कम भरल्याशिवाय अपील ऐकले जात नाही. कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा दोन सहामाहींत देय असतो. वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी भरणाऱ्यास महापालिका सूट देत आली आहे, तिचा फायदा घ्यावा.

त्या दोन भावांचे काय झाले?

आम्ही एका कागदावर दोन रकाने केले. किंमत, मुद्रांक, जीएसटी, दहा वर्षांची घरपट्टी, दहा वर्षांचे पेट्रोल, शाळेची रिक्षा. थोरल्याचा माल सुरत-मालेगावचा आणि दुकान जुन्या नाशकात, त्याला म्हसरूळच बरे पडले. पण त्याने नव्या इमारतीऐवजी २०१८ च्या आधीची इमारत शोधायला घेतली. धाकट्याचे गिऱ्हाईक इंदिरानगर आणि नाशिकरोडचे. त्याला दक्षिणेचे घर भावाने महाग असूनही हिशोबाने परवडले. मात्र त्याने आता शिलाईची खोली वेगळी मोजून दाखवायचे ठरवले आहे आणि करार बायकोच्या नावे करणार आहे.

म्हणजे दोघांचेही बरोबर होते, फक्त कारण चुकीचे होते. घर स्वस्त की महाग हे नदीचा कोणता काठ यावर ठरत नाही. ते आकारणीचे साल, जागेचा वापर, कागदाची सफाई आणि धंद्याची वाट यांवर ठरते. बयाणा देण्यापूर्वी एक संध्याकाळ वही-पेन घेऊन बसा, घरातल्या बायकांनाही सोबत बसवा. मेहनतीची कमाई आहे, तिचा पडता काढूनच ती हातातून जाऊ द्या.